रिकाम्या हातातला मनोरा

माझ्या थोरल्या बहिणीला दिसत नव्हतं, आणि केदारखेड्यात घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी ताप डोक्यात गेला, त्यात नजर गेली. बाहेरून मात्र डोळे टपोरे, निर्मळ. लग्न झाल्यावर सांगू, असं आई म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शहागडचं स्थळ आलं. मुलाचे चुलते हैदराबादेत निजामाच्या दफ्तरात नोकरीला. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात जगभरच्या इमारतींची चित्रं होती, कार्डांवर छापलेली. लग्न असो, बारसं असो, हे गृहस्थ एकेक कार्ड समोर धरून कोडं घालणार. मुलगी बघायला निघाले तरी डबा बरोबर! त्यांची कोडी सोयऱ्याधायऱ्यांना तोंडपाठ होती. मामांनी ती आणून दिली आणि दळताना मी अक्काकडून घोकून घेतली. वर आईची ताकीद, "आधी वाकून चित्र बघायचं, मंग बोलायचं. जल्दी करू नको."

बघायला आले त्या दिवशी अक्का सुरेख बोलली.

"बाईसाठी बांधलं, अन् बाई राह्यला आली मेल्यावर?"

ती वाकली, निरखल्यासारखं केलं. "ताजमहाल."

"अख्ख्या मुलखाला कुंपण?"

"चीनची भिंत."

पाहुणे खूश झाले. वडिलांचा चेहरा मी इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता. चुलत्यांनी कार्डं डब्यात ठेवली, झाकण लावलं, पान घेतलं. मग उठता उठता गंमत म्हणून रिकामाच पंजा पुढं करून म्हणाले, "अजून एक. जन्मल्यापासून पडतोय, पन अजून पडला न्हाई. बोला बेटी!"

अक्का वाकली. त्या रिकाम्या हाताकडे नीट बघितलं, हसलीसुद्धा. "दिसला की! इटलीचा कलता मनोरा."

उत्तर बरोबर होतं. चुलत्यांनी हात हळूच मागे घेतला, तरी ती तिथंच बघत होती.

स्थळ मोडलं. पत्रिका जुळली नाही, असं अक्काला सांगितलं. रिकाम्या हाताचं कुणी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरून मला मागणी आली आणि वडील हो म्हणाले. मला सगळ्यांचा संताप आला होता, पण मला विचारतंय कोण? अक्काला दुसरं स्थळ आलंच नाही. तिला दिसत नाही, हे गावोगाव झालं होतं.

सासरी तो डबा हाती लागला तेव्हा मी सगळी कार्डं उलथीपालथी केली. मनोऱ्याचं कार्ड त्यात नव्हतंच.

दिवाळीला माहेरी आले, तर अक्कानं हात धरून मला बाजूला नेलं. "त्यो मनोरा बघितलास का गं? लई कललाय ना?"

"लई," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"वाटलंच मला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "त्या दिशी मला दिसला व्हता, बरं का. खरंच दिसला व्हता."