धुतलेले पाय घेऊन येणारी मंडळी

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते. न छापलेली डोक्यात मुक्कामाला येते आणि पुढच्या वर्षी आपल्या बहिणीलाही बोलावून घेते. तीस वर्षं महाडात वार्ताहरकी केली. सरपंच, साहेब, ठेकेदार, सगळ्यांशी भांडलो. पण न छापलेला सर्वांत जास्त माल माझ्याकडे आहे तो आमच्याच वीसेक घरांच्या ख्रिस्ती मंडळीचा. आज सांगतो. कोणाला राग आला तर येऊ दे.

गेल्या वर्षी मंडळीला नवा वडील निवडायचा होता. वडील म्हणजे प्रार्थनेला पुढे उभा राहणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, भांडणं मिटवणारा माणूस. कमिटीचे प्रमुख आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बायबलातून पुढाऱ्याचे गुण वेचून तक्ता केला: नम्र, अतिथीप्रेमी, निर्लोभी, घर नीट सांभाळणारा. प्रत्येक गुणाला दहापैकी मार्क. सर स्वतःही उमेदवार. नम्रतेत त्यांनी स्वतःला नऊ दिले.

"एक का कापलात?" मी विचारलं.

"दहा बरे दिसत नाहीत."

* * *

दुसरं नाव मी सुचवलं, शेवंताबाईंचं. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीत राहतात. दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म गेला, आता थोडी शेती. बोलताना अडखळतात.

सर म्हणाले, "चार वाक्यं धड येत नाहीत. उपदेश कोण करणार?"

शेवंताबाई मागच्याच बाकावर होत्या. "बायबलातल्या मोशेची जीभ पन अडकायची, सर. देवानं त्याला बोलायला भाऊ दिला. मला तुमी हायत ना."

सरांनी तक्त्यात काहीतरी खोडलं.

* * *

मग "घर नीट सांभाळणारा" हा रकाना आला. शेवंताबाईंचा मुलगा मुंबईला असतो आणि पितो, हे सगळ्यांना ठाऊक. सरांनी पेन उचललं. "इथे शून्यच द्यावं लागेल. शास्त्र आहे, माझा इलाज नाही."

मी उठणार होतो. शेवंताबाईंनी हातानंच बसवलं.

"दावीद राजाची पोरं काय तुमच्या शाळंत होती, सर? बापावर उठली ती. तरी देवानं त्याला गादीवरनं काडला नाय."

* * *

पुराची गोष्ट तर तक्त्यात मावलीच नाही. आदल्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमचं देऊळ, म्हणजे चर्च, उंचावर, कोरडं. पण कुलूपबंद. किल्ली सरांकडे आणि सर पुण्याला मुलीकडे! त्या दिवशी बाजाराला आलेल्या शेवंताबाईंनी दगड घेतला, कुलूप फोडलं आणि सगळी आळी आत घेतली, कुठल्या देवाची कोण ते न विचारता. तीन दिवस पिठलंभात.

सरांचा फोन आला, "परवानगी कोणाची घेतलीत?"

"पान्यानं कुटं घेतली?" म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

नंतरच्या बैठकीत शेवंताबाईंना ताकीद द्यायचा ठराव आला. मी इतका ओरडलो, की सर म्हणाले, "पत्रकार, पुढारी भांडखोर नसावा असं शास्त्र आहे."

"म्हणूनच मी उमेदवार नाही," मी म्हणालो.

* * *

आता शेवटचं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे वडील सगळ्यांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. पितळी परात धरायचा मान फक्त वडिलांचा. निवड रविवारी व्हायची होती, पण परात सरांनी आधीच घेतली. आमची एक जुनी रीत आहे: सगळे घरूनच पाय साबणाने घासून येतात. धुणाऱ्याला त्रास नको.

शेवंताबाई वाडीतून थेट आल्या, दिवसभर शेतात राब भाजून, म्हणजे भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून. पाय घोट्यापर्यंत राखेने काळे. तशाच रांगेत बसल्या.

सर परात घेऊन त्यांच्यापाशी थांबले. हळूच म्हणाले, "बाई, बाहेर नळ आहे. पाय धुवून या."

"मंग तुमी काय धुनार?"

रांगेतले फिलिपकाका उठले. वय पंचाहत्तर, टाचा दुधासारख्या. चपला तिथेच ठेवल्या, अनवाणी अंगणात गेले, धुळीत एक फेरी मारली आणि परत जागेवर येऊन बसले. मग त्यांची बायको गेली. मग मी. मग रांगच्या रांग.

सर परात धरून उभे. "एवढ्यांना पाणी पुरायचं नाही," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी पदर खोचला.

"द्या हिकडं ती परात. आनि तुमी बसा, सर. चपला काडा."