संजीवनीचं पहिलं बाळंतपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण संजीवनीच्या माहेरी ते करणारं बाईमाणूसच उरलं नव्हतं. ती सातवीत असताना आई गेली. इंदापूरकडं डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या आप्पांनी लेकीला एकट्यानं वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. पण दिवस गेल्याचं कळल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं की, भाकरी थापता येते, बाळंतिणीचं मला काही कळत नाही. म्हणून ओटी भरून झाली तरी ती मोरगावजवळच्या सासरच्या वस्तीवरच राहिली.

सासू गोजरबाईंचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. आता कळप नव्हता. थोडी जिरायत, सहा शेळ्या आणि लेकाची, संभाजीची, बारामतीच्या एमआयडीसीतली नोकरी, एवढ्यावर घर चालत होतं. गोजरबाईंची तिन्ही बाळंतपणं वाटेवर झाली होती, कुणाच्या तरी बांधाला, पालात. तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसून पुढच्या मुक्कामाला. त्यामुळे गरोदरपणाचं त्यांना भय नव्हतं आणि फारसं कौतुकही नव्हतं. सुनेवर मात्र जीव होता. नऊ महिने त्यांनी तिला पाण्याची घागर उचलू दिली नाही.

बाळंतपणाची तारीख दहा दिवसांवर आली होती. बुधवारी दुपारी संजीवनी शिलाई मशीनवर बसली असताना तिच्या लक्षात आलं, सकाळपासून पोटात काही हललं नाही. एरवी मशीन सुरू झालं की बाळ आतून ढुशी द्यायचं. ती गुळाचं पाणी प्यायली. वस्तीवर तपासायला येणाऱ्या आशाताईंनी सांगितलं होतं तशी डाव्या कुशीवर पडून तिनं वाट पाहिली. मग उठून सासूला सांगितलं.

गोजरबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "दिस भरत आलं की लेकरू गप पडतंय. हलायला जागा कुठं ऱ्हाती त्याला? उद्या तुझी दवाखान्याची तारीख हायच की."

संजीवनीला ते पटलं. कारण पटवून घ्यायचं होतं. संध्याकाळी तिला वाटलं, हललं. ते खरंच बाळ होतं की आपलाच भास, हे तिला आजही सांगता येत नाही.

गुरुवारी संभाजीनं सुट्टी टाकली. तिघं एसटीनं बारामतीला निघाली. प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळली की संजीवनी पोटावर हात ठेवून वाट बघायची. हॉस्पिटलात सिस्टरनं पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा आपल्याकडं वळवून घेतला, बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. बाळाचे ठोके थांबलेत, म्हणाल्या.

संजीवनीनं विचारलं, दुसऱ्या मशीनवर बघता येईल का. त्यांनी तेही करून दाखवलं.

मग तिचं एकच मागणं होतं. मला भूल द्या, पोट चिरा, काय ते काढा आणि सगळं झाल्यावर उठवा. डॉक्टरबाईंनी समजावलं की ऑपरेशनची गरज नाही. पोटावर घाव झाला तर पुढच्या खेपेला तोच आड येईल. नैसर्गिक बाळंतपणच तिच्यासाठी सुखरूप. संभाजी मान हलवत राहिला. संजीवनीला वाटलं, ही शिक्षाच झाली. ज्याच्यातून काही हाती लागायचं नाही, त्याच्या कळा का सोसायच्या?

शुक्रवारी सकाळी सहाला गोळी दिली. दहापर्यंत कळा धरल्या. पडद्यापलीकडच्या खाटेवर सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊसतोडीसाठी आलेली एक बाई होती; तीही अडलेली. दोघी एकमेकींचं कण्हणं ऐकत होत्या. बाराच्या सुमारास पलीकडं धावपळ झाली आणि बाळ रडलं. लेबर रूममधल्या आया झुंबरमावशी संजीवनीच्या उशाशी होत्या. त्यांनी आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर दाबून धरले. तरी रडणं ऐकू येतच होतं. मावशींनी हात काढले नाहीत.

गोजरबाईंना आत थांबू दिलं होतं. सुनेची कंबर चोळता चोळता त्या मध्येच थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं, पोरी. बुधवारीच तुला आणायला पायजे हुतं." संजीवनीनं ऐकलं. तेवढ्यात पुढची कळ आली.

शरीराला काही माहीत नव्हतं. ते आपलं काम नेकीनं करत होतं. पण शेवटी शेवटी, सिस्टर जोर कर म्हणत असताना, संजीवनीनं जोर करायचं सोडून दिलं. दात आवळून पडून राहिली. आत आहे तोवर बाळ आपलं आहे. बाहेर आलं की ते नेतील, पुरतील, संपेल. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण झुंबरमावशींना कळलं असावं. त्या तिच्या तोंडाजवळ वाकल्या.

"त्याला वाट दे, बाय. तुझ्याबिगर कोण हाय त्याला?"

पावणेचारला मुलगी झाली. आवाज झाला तो फक्त ट्रेमध्ये कात्री ठेवल्याचा. दोन किलो सातशे ग्रॅम. नाळेला घट्ट गाठ बसली होती. सिस्टरनं मुलीला पुसलं, हिरव्या कापडात गुंडाळलं आणि बघायचं का म्हणून विचारलं.

गोजरबाई म्हणाल्या, नको, ध्यानात राहील.

"ऱ्हाऊ दे की ध्यानात," संजीवनी म्हणाली आणि हात पुढं केले.

अर्धा तास मुलगी तिच्याजवळ होती. अजून कोमट होती. ती संजीवनीच्याच अंगाची ऊब होती, हे तिला कळत होतं. तिनं कापड सोडून सगळं पाहिलं, पावलांपासून वर. घाई केली नाही. डॉक्टरबाई आल्या तेव्हा तिनं विचारलं, बुधवारी आलो असतो तर? कदाचित वाचली असती, कदाचित नाही. नक्की सांगता येत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. गोजरबाई दाराशी उभ्या होत्या.

संभाजीनं गाठोडं ओळखीच्या माणसाच्या गाडीतून गावाकडं नेलं आणि दिवस मावळायच्या आत माती दिली. त्यानं आत येऊन बघितलं नाही. त्याच्यानं होईना.

तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, दूध आलं. त्याची कुणी तिला कल्पनाच दिली नव्हती. पोलकं भिजलं तेव्हा ती मोरीत उभी राहून नुसती बघत राहिली. गोजरबाईंनी जुनं लुगडं फाडून तिची छाती आवळून बांधली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

त्यानंतर गोजरबाईंनी कुणाला सल्ला म्हणून दिला नाही. वस्तीवर कुणाचं डोकं दुखलं तरी दवाखान्यात जावा, एवढंच म्हणायच्या. संजीवनीला ते ऐकू यायचं. तिला सासूशी भांडता आलं नाही आणि मोकळेपणानं बोलताही आलं नाही. भाकरी दोघी मिळून करायच्या, एक थापायची, एक भाजायची. महिन्याभरानं तिनं मशीनवरचं कापड काढलं आणि राहिलेले ब्लाउज शिवून दिले.

मार्चमध्ये एकदा ती तपासणीला बारामतीला गेली होती. परत येताना संभाजीनं पाणी प्यायला मोटरसायकल लिंबाखाली थांबवली. बाटली तिच्याकडं देऊन तो रस्त्याकडं बघत राहिला. तिकडंच बघत म्हणाला, "मी मांडीवर घिऊन बसलो हुतो गाडीत. कापड सारायचा धीर झाला न्हाय." मग विचारलं, "कुणावर गेली हुती?"

चार महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"कपाळ तुमचं," ती म्हणाली. "कानाच्या पाळ्या आप्पांसारख्या, चिकटलेल्या. केस लई, मानंवर आलेले. बोटं लांब हुती."

"आन रंग?"

तिनं सांगितलं. मग त्यानं नखांचं विचारलं, डोळे मिटलेले होते का विचारलं. ती एकेक सांगत गेली, तो मान खाली घालून ऐकत गेला. समोरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. ते जवळ आले की दोघं थांबायची आणि आवाज लांब गेला की ती पुन्हा पुढं सांगायची.

त्या दिवशी घरी पोचायला त्यांना उशीर झाला.