फळ्यावर राहिलेले समीकरण

रामकृष्ण बोंद्रे यांनी रायपुरात हयातभर रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर घराच्या पुढल्या खोलीत शिकवणी मांडली. उत्तरापुढे एकक लिहायचे राहिले की ते अर्धा गुण कापत; चुकीचे समीकरण फळ्यावर क्षणभरही राहू देत नसत. "भाजीत मीठबी मोल मोजून टाकत जा तुम्ही," असा टोमणा त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई स्वयंपाकघरातून मारत.

पौषातल्या थंडीत त्यांचा एकुलता एक मुलगा सुशील गेला. सिलतऱ्याच्या कारखान्यातली पाळी संपवून तो बीरगांवच्या भाड्याच्या खोलीवर आला, सिगडी पेटवली, दार-खिडकी घट्ट लावली आणि झोपला. कोळशाची पिशवी आईनेच भरून दिली होती. वर मायेने दोन ओंजळी जास्तीच्या.

शिकवणी बंद पडली. महिन्याभराने एके दुपारी पद्मिनीबाई त्या खोलीत आल्या आणि पतीच्या हाती खडू ठेवून म्हणाल्या, "अहो, पोट्ट्यायले इतका हिशेब शिकवता. मले सांगा, माझ्या त्या दोन ओंजळीतून किती जहर निघालं असन?"

बोंद्रे सरांना उत्तर ठाऊक होते. दोन ओंजळी म्हणजे अदमासे दोनशे चाळीस ग्रॅम कार्बन, वीस मोल. प्राणवायू कमी पडला की जितके मोल कार्बन, तितकेच मोल कार्बन मोनॉक्साइड; प्रत्येक मोलाचे बावीस पूर्णांक चार लिटर. साडेचारशे लिटरच्या घरात. तेवढ्याशा खोलीत त्याचा अंशही पुरेसा होता.

ते फळ्याकडे वळले आणि लिहिले: C + O₂ → CO₂.

"पाहा, आपण श्वासातून सोडतो तोच हा वायू."

"आन् मोनॉक्साइड?"

"तो इथे तयारच होत नाही." त्यांनी खाली लिहिले, 'शून्य लिटर'. एकक विसरले नाहीत.

पद्मिनीबाईंनी फळ्यावरच्या O₂ वर बोट ठेवले.

"हे तर खिडकी उघडी असली तर होते," त्या हलकेच म्हणाल्या. "पोळ्या लाटता लाटता किती वर्सं तुमचंच ऐकून राहिली मी."

सरांनी मान खाली घातली आणि डस्टर उचलले. पद्मिनीबाईंनी त्यांचे मनगट धरले.

"राहू द्या. पुसू नका."

बोंद्रे सरांची शिकवणी आता ओसरीवर, दुसऱ्या फळ्यासमोर भरते.