जिंकलं तर बाहेर

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला लागून तिचं टेबल. पात्रता फेरीचे नियम संगणकावर हजारो वेळा खेळवून बघायचे आणि सारख्या ताकदीच्या संघांना सारखी संधी मिळते का ते मोजायचं, हे तिचं काम. मिळत नसली की ती चिडायची. बसच्या रांगेत कुणी घुसलं तरी चिडायची. त्यामुळे तिचं चिडणं कुणी मनावर घेत नसे.

या वेळी गट असमान पडले होते. काही पाच संघांचे, काही चार. प्रत्येक गटातल्या दुसऱ्या संघांची आपसात तुलना करून त्यातले सरस तेवढे वर्ल्ड कपला जाणार होते. पाचांच्या गटात सामने जास्त होतात, म्हणून साहेबांनी तोडगा काढला. तिथल्या तळाच्या संघाशी झालेले सामने तुलनेत धरायचेच नाहीत.

मोजणीबाई तरातरा साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, तळाला कोण जातो त्यावर दुसऱ्याचं नशीब ठरणार. एखाद्याला जिंकून तोटा होईल."

"किती वेळा होईल?"

"क्वचित. पण होईल."

"मग झालं तर. सरासरी बघा, बाई. सरासरीत आपली पद्धत चोख आहे."

"सरासरी मैदानात उतरत नाही, साहेब."

साहेब हसले. त्यांनी चहा मागवला. नियम तसाच राहिला.

आणि ते क्वचित तिच्याच घरात येऊन बसलं.

तिची धाकटी बहीण देशाच्या संघाची गोलकीपर. गुडघे कामातून गेलेले, म्हणजे ही शेवटची संधी. तिच्या पाचांच्या गटात दुसरा क्रमांक पक्का झाला होता. शेवटचा सामना बेटावरच्या संघाशी होता. त्यांना आधी एकदा हरवलं होतं. डोंगरातल्या संघाशी मात्र दोन्ही वेळा बरोबरी. या दोघांपैकीच एक तळाला जाणार होता.

सामन्याच्या सकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, कोच म्हणतोय जिंकू नका. डोकं फिरलंय का त्याचं?"

"नाही फिरलेलं. जिंकलात तर बेटवाल्या तळाला जातील. मग त्यांच्यावरचे तुमचे दोन्ही विजय पुसले जातील. बरोबरी झाली तर डोंगरवाल्या तळाला. मग पुसल्या जातील नुसत्या दोन बरोबऱ्या."

"म्हणजे जिंकलं तर बाहेर?"

"हो."

"कोणत्या शहाण्याने काढला हा नियम?"

"माझ्या साहेबांनी."

"आणि तू काय करत होतीस?"

"मोजत होते."

फोन बंद झाला.

सामना तिने आईबरोबर टीव्हीवर पाहिला. सुरुवातीलाच धाकटीच्या संघातल्या एकीचा फटका कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेला. गोल केल्याचा आनंद कुणालाच झाला नाही. मग त्या चेंडू नुसता इकडून तिकडे ढकलत राहिल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सामना संपत आला तेव्हा बेटवाली एक मुलगी चेंडू घेऊन सुटली. वाटेत कुणी आडवं आलं नाही. समोर फक्त धाकटी.

धाकटी झेपावली. चेंडू तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. सामना एक-शून्य जिंकला.

आईने टाळ्या पिटल्या. "काय अडवला गं पोरीने. आणि तू काय अशी मिठाची गुळणी धरून बसलीस?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चेहरा फुललेला.

"तुमच्या बहिणीने खेळाची लाज राखली, बाई. खिलाडूवृत्तीचं पदक द्यायचं ठरलंय. तुम्हीच कळवा."

"तुमच्या नियमाने तिचा गळा कापला. आता त्याच गळ्यात पदक घालताय?"

"रागाच्या भरात बोलताय तुम्ही. सरासरी पाहिली तर..."

"मग पदकही सरासरीलाच द्या." दार तिने असं आपटलं, की झेरॉक्सवाला उठून उभा राहिला.

घरी धाकटी गुडघ्यांवर बर्फ धरून बसली होती. ताईने सगळं सांगितलं.

"माझं पदक तू कोण नाकारणार?"

"तुला हवंय?"

"खिलाडूवृत्ती कसली, ताई. मी सोडणारच होते. ठरवूनच उतरले होते. चेंडू आला आणि हात आपोआप गेले." ती हातांकडे बघत राहिली. "येताना बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. कुणाकुणाला सांगू, की मी नाही अडवला?"