परतावा उत्पन्नात धरतात का?

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते. लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडलो होतो. नाव कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा गुरुग्रामच्या सायबर ठाण्यात निरीक्षक होतो. अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षिकेची तक्रार वरून आमच्याकडे आली. त्यांना फोनवर धमकावलं होतं, 'राज्य सरकारने परत केलेला कर तुम्ही केंद्राच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवला नाही. अटकेचं वॉरंट निघालंय.' बाईंनी घाबरून पैसे भरले.

सोबत रेकॉर्डिंग होतं. धमकी देता देता फोनवरची मुलगी शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "अगं, ही तर रडायलाच लागली यार! मला गाझियाबादला आरतीला पोचायचंय. चलो, आवरते हिचं पटकन."

अमेरिकेत मराठी कुणाला कळणार, असं तिला वाटलं असावं. मला कळलं, आणि आवाजही ओळखीचा निघाला. गाझियाबादच्या आमच्या गणेश मंडळाने तिचा सत्कार केला होता. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. मीही माझ्या घरातला पहिलाच, म्हणून सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या.

तिच्या मोबाइलवरून जागा सापडली. बाहेर ट्रॅव्हल एजन्सीची पाटी, आत कॉल सेंटर. संध्याकाळी, अमेरिकेत कामाचे तास सुरू होताना, छापा घातला.

चौकशीला महिला उपनिरीक्षक जबाब लिहायला बसल्या. बाहेर बाकावर मुलीचे वडील होते, सरकारी कार्यालयातले कारकून. मंडळात मला दादा म्हणणारे ते ठाण्यात साहेब म्हणू लागले.

"काका, आम्ही फक्त स्क्रिप्ट वाचायचो," मुलगी म्हणाली. "ते खोटं आहे हे आम्हाला काय माहीत?"

हे खरं असतं तर ती साक्षीदार म्हणून सुटली असती. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. तिला आधार द्यावा म्हणून मी म्हणालो, "बरोबर आहे. सरकारकडून पैसे आले म्हणजे ते उत्पन्नच. कुणालाही तसंच वाटेल."

"नाही काका, सरसकट तसं नसतं." वर्गात हात वर करावा तशी ती बोलून गेली. "आदल्या वर्षी राज्याचा कर वेगळा दाखवून वजावट घेतली असेल आणि त्याचा फायदा झाला असेल, तरच. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक रकमेची वजावट घेतली असेल, तर परतावा उत्पन्नात धरत नाहीत."

"आणि त्या बाईंनी काय घेतलं होतं?"

"स्टँडर्ड..." ती थांबली. उपनिरीक्षकांनी मान वर केली.

मग तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला वजावटीचाच प्रश्न विचारायचा. ज्याला नियम ठाऊक नाही, त्यालाच घाबरवायचं. कॉल सेंटर चालवणाऱ्याचं नावही तिने दिलं. शेवटी रडत म्हणाली, "काका, त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं, एवढं त्यांना कळवाल?"

मी रीतसर कळवलं. तिकडच्या तपास अधिकाऱ्याचं उत्तर आलं: आपणच कर चुकवला असं समजून बाईंनी हे मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. तक्रार देताना त्या पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या.

मुलीला कोर्टात नेताना वडिलांनी माझा हात धरला. "साहेब, मंडळात कळू देऊ नका."

मी हो म्हणालो. पुढच्या गणपतीत आरतीला कुणीतरी विचारलं, "काय हो, ती हुशार मुलगी दिसत नाही?" मी म्हणालो, "परीक्षा असेल."

ठगांचं निम्मं काम लोकांची लाज करते, हे मला या प्रकरणाने शिकवलं. त्या बाईंनी काही गुन्हा केला नव्हता, तरी लाज गिळून त्या बोलल्या. आमच्या मंडळात कितीतरी मुलं तसल्याच नोकऱ्या शोधत होती. त्यांना सावध करता आलं असतं. मी मात्र प्रसादाची वाटी घेऊन गप्प उभा राहिलो.