कोपऱ्यातला वामन

मुलगा ऑफिसातून दुपारीच आला आणि बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हाच मला कळलं की कोणीतरी गेलं. "आई, वामनमामा," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला. वामन माझा धाकटा भाऊ. इथेच आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावात एसी दुरुस्तीचं काम करायचा आणि तिथेच चौघांच्या खोलीत राहायचा. आंघोळ करून बसला तो बसल्या जागी गेला. विमानाने त्याला गावी भावजयीकडे पाठवलं. मी इथे फरीज बिन ओमरानच्या फ्लॅटमध्ये बसून राहिले. दुसरं काय करणार होते...

वामन कबड्डी खेळायचा. आपली मराठी पोरं शुक्रवारी सकाळी वाळूत मैदान आखायची, तिथे जायचा. तो फार मोठा खेळाडू होता असं मी म्हणणार नाही. चढाई त्याला जमली नाही, दम लगेच तुटायचा. तो कोपऱ्यात वाकून उभा राहायचा आणि चढाईवाला जवळ आला की त्याचा घोटा धरायचा. मग बाकीचे येऊन वर पडायचे आणि टाळ्या त्यांना मिळायच्या. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला.

गेल्या हिवाळ्यात मराठी मंडळाने ठरवलं की इथल्या जुन्या खेळाडूंचा मान करायचा, हॉलमध्ये त्यांचे फोटो लावायचे. मुलगा कमिटीत, म्हणून बैठक आमच्याकडे झाली. मी पोहे देत ऐकत होते. देशमुख म्हणून अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, "वामनराव माणूस चांगलाच. पण उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस एकदाही नाही. लोक विचारतील, यांनी केलं काय?" बीडकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बक्षीस आपण चढाईवाल्यालाच देतो. धरणाऱ्याला कधी दिलंय का?" पुष्कळ वाद झाला. शेवटी हात वर करायला सांगितले. एक हात कमी पडला आणि वामन राहून गेला. माझ्या मुलाचा हात खालीच होता.

"खलास, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला," देशमुख म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

सगळे गेल्यावर मी मुलाला विचारलं. "आई, सख्खा मामा माझा. मी हात वर केला तर लोक काय म्हणतील?"

"मामाचा भाचा म्हणतील. आहेसच की."

तो ताटल्या गोळा करायला लागला. वाईट नाही तो. आपल्या माणसासाठी आपण तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यात रीत. तो त्या रीतीत अडकला.

शुक्रवारी वामन जेवायला आला. त्याला आधीच कळलं होतं. "काय अक्का, घरचं मतसुद्धा पडलं नाही होय?" भाच्यासमोर हसत म्हणाला. पण बायकोला फोनवर तो सांगून बसला होता की माझा मान होणार आहे. उन्हाळ्यात कायमचा गावी जायचा होता, ते त्याने वर्षभर पुढे ढकललं. मी म्हटलं, "जा रे घरी, फोटोत काय आहे." म्हणाला, "एवढं एक वर्ष, अक्का."

आता मंडळाचं एकमत झालं आहे. मेल्यावर माणसाची लायकी वाढते का, असं मी देशमुखांना तोंडावर विचारलं. "उशीर झाला, आजी," म्हणाले. मग खेळतानाचा फोटो द्या म्हणाले.

वामनच्या सामानात तसा एकच निघाला. चढाईवाला वाळूत आडवा, त्याच्यावर चार-पाच जण, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. त्यांच्या खालून दोन हात बाहेर आलेत, चढाईवाल्याचा घोटा धरलेले. देशमुखांनी तो बघितला, "यात चेहरा नाही हो," म्हणून परत दिला आणि व्हिसाचा फोटो मोठा करायला नेला. हा खेळातला फोटो मी माझ्या कपाटाच्या दाराला लावलाय. नात येता-जाता विचारते, "आजी, व्हेअर इज ही?"

मी त्या हातांवर बोट ठेवते.

"दॅट्स इट?"

हो, म्हणते. एवढाच.