मोटेवर शिकलेली घोडी

घोड्यावर डाव्या बाजूनं चढायचं असतं, हे मला घोडी घरी आल्यावर नवव्या दिवशी कळलं. तोवर मी उजवीकडून चढत होतो आणि घोडी मला उजवीकडेच उतरवून देत होती, तेही मी न सांगता. मी समजत होतो की शिक्षण असंच असतं. मॅट्रिकच्या गणितातही माझं साधारण हेच झालं होतं.

आमचं घर माळ्याचं. अमरावतीपासून कोसभरावर विहिरीखालचा मळा; त्यात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. आमच्या खानदानात घोड्यावर बसायचा मान प्रत्येक पुरुषाला जन्मात एकदा मिळायचा, लग्नात. तेव्हाही लगाम दुसऱ्याच्या हाती आणि नवरदेवाच्या डोळ्यांपुढे मुंडावळ्या. माझं तर लग्नही व्हायचं होतं, म्हणजे तेवढाही अनुभव नव्हता.

आणि मला घोड्यावर बसणं भाग होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, हुकूम नागपूरहून यायचे, आणि मला आलेल्या हुकमात लिहिलं होतं की रेव्हेन्यू इन्स्पेक्टरच्या उमेदवारानं सहा महिन्यांत स्वतःचं घोडं पाळावं आणि अकोल्याला साहेबांसमोर सवारी करून दाखवावी. दाखवली तर नोकरी कायम, नाहीतर घरी जाऊन वांगी खुडा. आमच्या सात पिढ्यांत खुर्चीवर बसणारा मी पहिलाच निघालो होतो, आणि खुर्चीवर बसायला आधी घोड्यावर बसावं लागतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बानं तो हुकूम माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "घोडं त घोडं. बैलाहून त लहानच राह्यते."

घोडी आणली एलिचपूरच्या एका म्हाताऱ्या हकिमाकडून. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, चेहऱ्यावर सासुरवाशिणीचं दुःख. घरी येताच तिनं ते दुःख टाकून दिलं आणि शेवंतीचा एक वाफा खाल्ला.

वलगावच्या रस्त्याला पेन्शनीत निघालेला एक पोलिस सवार राहत होता. पहिले आठ दिवस पडून झाल्यावर लंगडत मी त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी माझी चाल पाहिली, मग हसून घेतलं आणि मग डाव्या-उजव्याचं सांगितलं. मी त्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं. लगाम किती आवळायचा? "मियाँ, हाथ में अंडा है समझो. टूटना नहीं, गिरना नहीं." बिचकली तर? "वो जिधर देखती, तुम उधर मत देखो." दौड झाल्यावर लगेच पाणी पाजायचं का? "तुम पी लो, उसको थंडी होने दो." आणि शिकायला किती दिवस लागतात? यावर त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "घोडी को तो दो महिने," म्हणाला.

हे सगळं मी घरी येऊन बाला सांगायचो. बाचे प्रश्न निराळे असत. तो आयुष्यभर बैलांत वाढलेला. "हिले वेसण काहून नाई?" "सरकी खाते का?" "शेपूट पिळली त चालते का?" हा शेवटचा प्रश्न त्यानं मला विचारला नाही, सरळ घोडीलाच विचारला. घोडीनं उत्तर दिलं तेव्हा बा वांग्याच्या टोपल्यासह पाण्याच्या पाटात जाऊन बसला. माय पोट धरून हसली. बा चिखलातून उठला तो रागावलेला नव्हता, विचारात पडलेला होता.

"गोऱ्हा कसा शिकवतो आपून?" तो म्हणाला. "जुन्या बैलाच्या जोडीले लावतो. मंग हिले एकटीले काहून शिकवून राहिलो आपून?"

वऱ्हाडातला कोणताही शेतकरी यावर मान डोलावील. नवा गोऱ्हा कुणी शब्दांनी शिकवत नाही. शहाण्या बैलाशेजारी बांधला की तो पाहून पाहून शिकतो. आमच्याकडे शहाणा बैल म्हणजे मोटेचा. मोट ही विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. ती ओढायला विहिरीच्या काठापासून एक उतरती वाट केलेली असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत जातो, तशी मोट वर येते. वर येऊन हौदात पालथी होते, आणि मग बैल पाठ न फिरवता, तसाच उलट्या पावलांनी धाव चढून येतो. दिवसभर पुढे आणि मागे. आणि मोट हाकणारा गात असतो. गाणं चालू असलं की बैल पुढे, मोट रिकामी होताना गाणं थांबलं की मागे.

आमच्या मळ्यातल्या बैलाच्या बाजूला, जुवाबाहेर, घोडी बांधली. मी तिच्यावर बसायचो. बा मोटेच्या दोरावर बसून गायचा आणि बैल, घोडी व मी मिळून सगळे मळ्याला पाणी द्यायचो. काय सांगू, आठ दिवसांत घोडी गाय झाली. डुलत डुलत खाली जायची, ऐटीत उलटी वर यायची. उतारावर कसं बसायचं आणि मागे कसं रेलायचं, तेही मी त्यातच शिकलो. पोलिस सवार एकदा बघायला आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "चालीस साल में ऐसा नहीं देखा." आम्ही त्याचा अर्थ शाबासकी असा घेतला.

सहावा महिना लागला तसे आम्ही अकोल्याला निघालो. मी घोडीवर, बा पायी, खांद्यावर भाकरींचं गाठोडं. बडनेऱ्याहून आगगाडीनं जाता आलं असतं, पण घोडीसाठी मालडब्याचं भाडं भरायचं कुणी? तीन मुक्काम पडले. बा वाटभर गात होता, कारण भाकरीचा घास तोंडात असेपर्यंतच तो गप्प बसायचा. घोडी झोकात चालली होती. तंबाखू मळायला बा थांबला की मात्र ती चार पावलं मागे सरकायची. मुर्तिजापूर येईतो आमची खात्री झाली की तिला तंबाखूचा वास सोसत नाही. "हकिमाची हाये ना," बा म्हणाला, "परहेज पाळत असन."

अकोल्याला कचेरीमागच्या मैदानात निंबाखाली टेबल मांडलं होतं. साहेब पुण्याकडचे, मोठी हॅट घातलेले, बोलणं असं गुळगुळीत की आमच्या कानावरून घसरून जावं. मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या होत्या. बाला बघ्यांत, दोरीच्या पलीकडे उभं केलं. तोंडी प्रश्न आधी झाले. घोड्याचं वय कशावरून ओळखाल? दातांवरून. चढण्यापूर्वी काय तपासाल? तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा. ही उत्तरं पोलिस सवाराची, त्यामुळे बिनचूक आली. साहेबांनी मान हलवली, मी डावीकडून चढलो, आणि घोडी निघाली.

काय निघाली! मान ताठ, पावलं मोजून. माझ्या मनात वाजंत्री वाजायला लागली. मी कायम झालो, मला टेबल मिळालं, टेबलावर घंटी आली, आणि घंटी वाजवायला मी हात उचलणार तेवढ्यात घोडी थांबली.

आमच्या धावेइतकं अंतर झालं होतं. घोडीनं एक उसासा टाकला आणि ती मागे निघाली. सरळ रेषेत, शिस्तीत, एकही पाऊल चुकू न देता ती मला उलटी घेऊन आली आणि साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. लोकांत खसखस पिकली. मी टाच मारली. घोडी पुन्हा तेवढीच गेली आणि पुन्हा मला आणून पोचवलं.

"उमेदवार," साहेब म्हणाले, "आपण जात आहात की येत आहात?"

मला तेव्हाही उमगलं नव्हतं. बाला उमगलं. दोरीपलीकडून त्याचा आवाज आला, "अरे लेका, गाणं! तिले वाटते मोट रिती झाली!"

मग मी गायला लागलो. साहेबांसमोर, अर्ध्या अकोल्यासमोर. माझ्या आवाजाबद्दल शाळेत मला प्रार्थनेतून वगळलं होतं, एवढंच सांगतो. घोडीनं कान पाडले आणि या खेपेला ती जास्त वेगानं मागे गेली. कारकुनाला दौत उचलून धरावी लागली. साहेबांनी लेखणी हातात घेतली, आणि ती लेखणी कोणत्या रकान्याकडे चालली आहे, हे घोडीवर बसलेल्या मला नीट दिसत होतं.

इतक्यात बानं दोरी ओलांडली. धोतर खोचलं, घोडीच्या मानेशी आला आणि त्यानं मोटेवरचा तो लांब सूर लावला. घोडीचे कान उभे राहिले. ती निघाली, आणि तिच्यासोबत बा निघाला.

पहिली फेरी म्हणजे जत्रा होती. घोडी दुडक्या चालीनं, बा धावतोय, तोंडानं गाणं अखंड. गाणं तुटलं की उलटा प्रवास, म्हणून त्याला दम घ्यायलाही सवड नव्हती. नेहमीच्या ओळी संपल्या तशा त्यानं नव्या रचल्या. वांगी आली, मिरच्या आल्या, सांभाराच्या जुड्या आल्या. निंबाजवळून जाताना साहेब आले: निंबाखाली बसला साहेब, त्याच्या डोक्यावर टोपलं पालथं! लोक टाळ्या पिटत होते. साहेबांनी हॅट काढून टेबलावर ठेवली. मी वर बसून इतका हसत होतो की लगामातलं अंडं केव्हाच फुटलं असतं.

दुसऱ्या फेरीत शब्द संपले. नुसता सूर उरला. बाचं पागोटं सुटून धुळीत पडलं, तो वाकला नाही. मी म्हणालो, "बा, पुरे करा." तो उत्तर द्यायला गेला, सूर तुटला, आणि घोडी दोन पावलं मागे आली. त्यानं घाईनं सूर पुन्हा पकडला आणि मला हातानं खूण केली: चाल. तिसऱ्या फेरीत त्याचा हात माझ्या रिकिबीवर होता आणि त्याच्या छातीचा भाता मला बुटातून जाणवत होता. शेवटच्या वळणावर तो गात नव्हता, नुसता कण्हत होता. पण घोडीनं तेही गाणं म्हणून चालवून घेतलं. आम्ही पोचलो. बा मटकन खाली बसला आणि बसल्या बसल्या हसायला लागला. आवाज मात्र निघत नव्हता.

साहेबही हसत होते. पण हसता हसता त्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि कारकुनानं नियमांचं पुस्तक उघडलं. उमेदवारानं दुसऱ्या कुणाची मदत घेता कामा नये. फक्त त्याचा सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा पगारी नोकर, सोबत धावला तर चालेल. साहेबांच्या घोड्यांसोबतही सईस धावतच असत. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली आणि मला इंग्रजीत विचारलं, "हा माणूस तुमचा नोकर आहे ना?"

त्यांनी तो प्रश्न चांगुलपणानंच विचारला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं, आणि मी तेवढंच म्हणालो. इंग्रजीत. हो, साहेब.

बा खाली बसून आमच्या तोंडाकडे आलटून पालटून पाहत होता. इंग्रजी बोलणारा पोरगा त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय पसरलं होतं ते मी लिहू शकत नाही. साहेबांनी फॉर्म भरला. घोडी उमेदवाराचीच आहे अशी सईसाची साक्ष लागते, म्हणून कारकुनानं शाई लावून बाचा अंगठा घेतला. बानं तो इतक्या जोरात दाबला की कागद टेबलाला चिकटला.

परतीच्या वाटेवर तीन दिवस त्यानं तो अंगठा धुतला नाही. भाकर डाव्या हातानं खाल्ली. त्याचा आवाज बसलेला आणि गाण्याविना घोडी पुढे चालेना, त्यामुळे होते नव्हते ते पैसे भरून ती रेल्वेच्या मालडब्यातून मागाहून आणायची ठरली आणि आम्ही दोघं पायी चाललो. रस्त्यात भेटेल त्याला तो थांबवायचा, माझ्याकडे बोट दाखवायचा आणि मग तो निळा अंगठा वर करायचा.

घरी माय उंबऱ्यातच उभी होती. तिनं अंगठा पाहिला, उलटसुलट केला आणि विचारलं, "काय लिहिलं जी त्या कागदावर?"

बाला जेमतेम कुजबुजता येत होतं. "पोरगा पास, असं लिहिलं," तो म्हणाला. "अन् खाली त्याच्या बापाचा अंगठा."

त्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.